बसणारे पेडल: एका जुन्या झेनच्या ब्रेक-दुरुस्तीचे प्रकरण

या प्रकरणातील गाडी २००२ सालची मारुती झेन आहे. ती पेट्रोलवर चालते, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. ती पहिल्या दिवसापासून एकाच कुटुंबाकडे असून विलेपार्ले पूर्वेतील एका जुन्या सोसायटीच्या आवारात उभी असते, आणि तिच्या नोंदणीचे नूतनीकरण २०१७ व २०२२ मध्ये रीतसर झालेले आहे. मालक सत्तरीतले निवृत्त शिक्षक आहेत. गाडीचा वापर आता बाजारहाट, दवाखाना आणि वर्षातून एकदा गणपतीला रत्नागिरीकडच्या गावी जाणे एवढाच उरला आहे. २०२० च्या टाळेबंदीत ती कित्येक महिने जागची हलली नव्हती आणि त्यानंतरही आठवड्याला जेमतेम एखादी फेरी होत असे. गाडी कमी चालते म्हणजे तिचे ब्रेकही कमी खराब होतात, असा समज सर्रास आढळतो. लायनिंगच्या, म्हणजे ब्रेकमधल्या घासणाऱ्या अस्तराच्या, झिजेपुरता तो खरा आहे. ब्रेकच्या तेलाच्या आणि रबराच्या बाबतीत मात्र परिस्थिती नेमकी उलटी असते, आणि या प्रकरणाचे मूळ तिथेच आहे.

तक्रारी आणि आधी झालेले उपाय

पावसाळा सुरू होता होता डॅशबोर्डवरचा हँडब्रेकचा लाल दिवा वळणावर क्षणभर लुकलुकू लागला. हाच दिवा ब्रेक ऑइलची पातळी खाली गेल्याचीही सूचना देतो. टाकी पाहिली तेव्हा तेल किमान खुणेच्या खाली होते, म्हणून जवळच्या गॅरेजमध्ये ते भरून घेतले. त्यानंतर आवाराच्या फाटकाशी असलेल्या उतारावर हँडब्रेक पूर्ण ओढूनही गाडी मागे सरकू लागली. तेव्हा हँडब्रेकची केबल ताणून देण्यात आली. पुढे पेडल खोल जाऊ लागले आणि पायाला मऊ लागू लागले. तेव्हा चारही चाकांच्या ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढून देण्यात आली. हवा काढल्यावर आठवडाभर पेडल बरे राही, नंतर पुन्हा तेच. एकदा नव्हे, हा प्रकार पुन्हा पुन्हा झाला.

तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या दिवशी सांगितल्या गेल्या आणि वेगवेगळी कामे म्हणून हाताळल्या गेल्या. वास्तविक त्या एकत्र मांडल्या असत्या तर गाडीला हातही न लावता मागच्या चाकांकडे बोट दाखवता आले असते. ब्रेकची यंत्रणा बंद असते. तिच्यातले तेल इंजिन ऑइलसारखे जळत नाही. पॅड झिजतात तशी पातळी वर्षानुवर्षांत किंचित उतरते, पण काही आठवड्यांत किमान खुणेखाली गेलेले तेल कुठेतरी बाहेर पडलेलेच असते. जिथून तेल बाहेर जाते तिथून हवा आत येऊ शकते, म्हणून पेडल मऊ होते. आणि हँडब्रेक या गाडीत मागच्याच ड्रममधल्या शूंना, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या वक्र पट्ट्यांना, ओढतो; ते शू तेलाने भिजले असतील तर केबल कितीही ताणली तरी पकड मिळणार नाही. गळती, हवा आणि दुबळा हँडब्रेक यांचे उत्तर मागच्या ड्रमच्या आत असण्याची शक्यता सर्वांत मोठी होती. पण ड्रम उघडायला वेळ लागतो आणि अंग मोडते, केबल मात्र पाच मिनिटांत ताणून होते.

केबल ताणण्याने आणखी एक घोटाळा झाला. शू आणि ड्रम यांच्यातले अंतर कमी झाल्यामुळे पेडल तात्पुरते वर आले आणि हवा काढण्याचा उपाय लागू पडल्याचा भास बळावला. हँडब्रेकची केबल हा शूंचे अंतर जुळवण्याचा मार्ग नव्हे. आधी अंतर जुळवावे आणि मग केबल पाहावी, हा क्रम कुठल्याही दुरुस्ती-पुस्तिकेत सापडेल.

एवढे होऊनही गाडी थांबत होती, म्हणून मालक ती चालवत राहिले. १९७० च्या आधीच्या अनेक मोटारींत सगळ्या चाकांना एकच तेलमार्ग असे आणि एक गळती झाली की ब्रेक पूर्ण जात. आताच्या गाड्यांत मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडलच्या जोराने तेलावर दाब आणणाऱ्या नळकांड्यात, एकामागे एक दोन पिस्टन असतात आणि तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत ते बहुधा तिरके वाटलेले असतात, म्हणजे एका बाजूचे पुढचे चाक आणि दुसऱ्या बाजूचे मागचे चाक मिळून एक मार्ग. एक मार्ग अशक्त झाला तरी दुसरा गाडी थांबवतो. ही सोय जीव वाचवण्यासाठी आहे, गळकी गाडी महिनाभर चालवण्यासाठी नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १९० मध्ये सार्वजनिक ठिकाणी धोकादायक दोष असलेले वाहन चालवणे हा गुन्हा आहे, आणि दोष माहीत होता की साध्या काळजीने कळू शकला असता, एवढाच तिथे प्रश्न असतो. लाल दिवा लुकलुकतो आहे हे माहीत असताना माहिती नव्हती असे म्हणता येणार नाही. मालकांनी हे माझ्याकडून ऐकून घेतले आणि किल्ली मुलीकडे दिली.

घरी काय करायचे आणि काय नाही

मी आयुष्यभर यंत्रशाळेत काम केलेला माणूस आहे, आणि तरीही ब्रेकचे प्रत्येक काम आवारात करावे असे मला वाटत नाही. व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणारे चाकातले छोटे नळकांडे) बदलणे, शू बदलणे, पॅड बदलणे, तेल बदलून हवा काढणे ही कामे योग्य हत्यारे आणि एक जबाबदार सोबती असेल तर घरी होऊ शकतात. धातूचा ब्रेक पाइप कापून त्याचे तोंड पसरवणे, डिस्क किंवा ड्रम लेथवर घासणे, आणि ज्या गाड्यांत एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे त्यांच्या यंत्रणेला हात घालणे ही कामे घरची नव्हेत. या झेनमध्ये एबीएस नाही, हे सोपेपण आपल्या बाजूला होते. काम संपेपर्यंत गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, आणि मधेच अडले तर ती ओढून नव्हे, टोइंगच्या सपाट गाडीवर चढवून न्यायची, हे आधीच ठरवले होते.

जागेचा प्रश्न मुंबईत नेहमीचाच. आवारात पेव्हर ब्लॉक आहेत आणि पावसाने त्यांच्या खालची वाळू ठिकठिकाणी वाहून गेलेली आहे. अशा फरशीवर जॅकचा पाय एका ब्लॉकवर आला तर तो ब्लॉक तिरपा होतो आणि जॅक हळूच कलतो. म्हणून जॅक आणि दोन्ही स्टँड यांच्याखाली जाड प्लायवूडचे चौकोनी तुकडे घातले. मागचे ड्रम काढायचे तर हँडब्रेक सोडावाच लागतो, म्हणजे गाडी जागेवर धरून ठेवणारे उरतात फक्त पुढची चाके आणि गिअर. त्यामुळे पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली. गाडीसोबत येणारा कात्री-जॅक हा चाक बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोके घालणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, मी तिथून उठतो.

ड्रम उघडण्यापूर्वी बघून झाले. डाव्या मागच्या टायरच्या आतल्या बाजूला, धुळीवर, एक ओला गडद पट्टा वरून खाली आलेला होता आणि बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) खालच्या कडेला चिकट थेंब लोंबत होता. पावसात ओले काय आणि गळलेले काय हे ओळखणे अवघड जाते. ब्रेक ऑइल बोटांवर गुळगुळीत लागते, पण पाण्याने धुतले की निघून जाते, तर गिअर ऑइल किंवा ग्रीस पाण्याने जात नाही. थेंब पाण्याने गेला.

डावा मागचा ड्रम

या गाडीत ड्रम काढण्यासाठी मधली धातूची टोपी आणि तिच्याखालचा मोठा नट सोडवावा लागतो. ताणलेली केबल आधी पूर्ण सैल केली, कारण शू ड्रमला टेकलेले असतील तर ड्रमच्या आतल्या काठावर झालेली गंजाची कड त्यांत अडकते आणि लोक हातोड्याने ड्रम फोडतात. ड्रम निघाल्यावर आतला भुगा फुंकरीने किंवा हवेच्या पाइपाने उडवला नाही. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि नसला तरी तो भुगा फुप्फुसात जाण्याजोगा नाही. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बंद केले.

आतले दृश्य अपेक्षेप्रमाणेच होते. खालचा निम्मा शू काळा, ओला आणि चकाकणारा होता. वरच्या व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या असतात; त्यांतल्या एकीची कड नखाने उचलली तशी आतून चहाच्या रंगाचे तेल मनगटापर्यंत ओघळले. टोपीत थोडीशी ओल असणे चालते, पण ओघळ म्हणजे आतले रबर गेले. पिस्टन बाहेर काढला तेव्हा सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, नेमकी पिस्टन उभा राहतो त्या जागी, गंजाचे बारीक खड्डे दिसले. टाळेबंदीत गाडी उभी असताना तेलातले पाणी इथे बसून राहिले होते.

हे पाणी कुठून येते, याचा विचार व्हायला हवा. ग्लायकॉलपासून बनलेले ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. तो रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या झाकणाच्या छिद्रातून येतच राहतो आणि मुंबईच्या हवेत त्याला कधी खळ नसतो. कोरड्या अवस्थेत डॉट ३ प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटाच्या लांब उतारावर सतत ब्रेक दाबत आल्यास पुढच्या कॅलिपरमधले (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातले) तेल इतके तापू शकते की त्यातल्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही, आणि पेडल पाटीला, म्हणजे तळाच्या पत्र्याला, जाऊन टेकते. गणपतीला कोकणात जाणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने हे आकडे टाकीवर चिकटवून ठेवावेत, असे माझे मत आहे. ओलावा नुसता उकळत नाही, तो लोखंड खातो, आणि आपल्यासमोरचा सिलिंडर त्याने खाल्लेला होता.

व्हील सिलिंडरचे फक्त रबर किट बदलण्याचा पर्याय स्वस्त असतो आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांच्या काउंटरवर उभे राहताच तो सुचवला जातो. भिंत गुळगुळीत असेल तर तो ठीकही आहे. खड्डे पडलेल्या भिंतीवर नवे रबर पहिल्याच महिन्यात कापले जाते. म्हणून दोन्ही बाजूंचे सिलिंडर पूर्ण नवे घेतले. उजवा अजून गळत नव्हता, पण तो तितकाच जुना आणि तितकाच उभा राहिलेला होता. शूही दोन्ही बाजूंचे एकत्र बदलले, कारण तेल प्यायलेले लायनिंग पेट्रोलने धुऊन, भाजून किंवा घासून पूर्ववत होत नाही. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने असे ठेवले तर ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताच गाडीची शेपूट एका अंगाला जाते.

सिलिंडरला जोडलेल्या धातूच्या पाइपाचा नट हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. साध्या दुतोंडी पान्याने तो दोन कोपऱ्यांवरच पकडला जातो आणि गोल होतो. त्यासाठी फ्लेअर नटचा, एका बाजूने कापलेल्या रिंगसारखा पाना मिळतो. रात्रभर गंज सोडवणारे तेल लावून ठेवले, सकाळी आधी घट्ट करण्याच्या दिशेने किंचित हलवून मग सोडवला. डावा नट सुटला आणि पाइप त्याच्यासोबत फिरला नाही, एवढे भाग्य लाभले. पाइप नटाबरोबर पिळला गेला तर तो बदललाच पाहिजे, आणि काही ठिकाणी त्या जागी फ्रिजच्या कामाची साधी तांब्याची नळी बसवली जाते, ती मात्र कोणी बसवू देऊ नये. तांबे कंपनाने कडक होते आणि तडकते.

हवा काढणे

सीलबंद बाटलीतले नवे डॉट ३ तेल आणले. टाकीच्या झाकणावर तेच लिहिलेले आहे. मागच्या वर्षीची अर्धी बाटली मालकांनी जपून ठेवली होती. एकदा उघडलेली बाटली पावसाळा काढून उरली की ती ब्रेकसाठी संपलेली असते, म्हणून ती वापरली नाही. पूर्ण यंत्रणेतले तेल बदलायचे असल्याने एक लिटर हाताशी ठेवले आणि मडगार्डवर ओली चादर टाकली, कारण हे तेल रंग खाते.

पेडलवर मालकांची मुलगी बसली आणि पेडलखाली, जमिनीवर, एक लाकडी ठोकळा ठेवला. तो का, हे तिने विचारले.

“काका, ठोकळा ठेवला तर पूर्ण दाबता येणार नाही ना?”

“पूर्ण दाबायचंच नाहीये. रोज जितकं जातं त्याच्या थोडंच पुढे जाऊ दे.”

मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टनची रबरे रोजच्या वापरात ठरावीक पट्ट्यातच फिरतात. त्याच्या पुढचा भाग वर्षानुवर्षे न वापरलेला, ओलाव्याने खरखरीत झालेला असतो. हवा काढताना पेडल पाटीपर्यंत दाबले की जुनी रबरे त्या खरखरीत भागावरून घासली जातात आणि त्यांच्या कडा फाटतात. जुन्या गाडीत हवा काढल्यानंतर मास्टर सिलिंडर गेला, अशा तक्रारी येतात त्यांतल्या पुष्कळ या सवयीमुळे उद्भवतात. आमच्या ठोकळ्याने पुढचे नुकसान टळणार होते, पण आधीच्या वेळा जे पेडल जोरजोरात पंप केले गेले त्याचे काय, हा प्रश्न मनात होताच.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत डावे मागचे चाक आधी घेतले. चाकाच्या हवा काढण्याच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचे दुसरे टोक थोड्या तेलात बुडवलेले. “दाब.” “दाबलं.” निपल पाव वळसा सैल, बुडबुडे, काळपट तेल. “पाय उचलू नको, धरून ठेव.” निपल बंद. “सोड.” हा क्रम बिघडला, म्हणजे निपल उघडे असताना पाय सुटला, तर नळीतली हवा पुन्हा आत ओढली जाते. काही वेळाने बुडबुडे थांबले आणि काळपट तेलाच्या मागून स्वच्छ, फिकट तेल आले. मधून मधून टाकी भरत राहणे हेही तितकेच आवश्यक, कारण टाकी कोरडी पडली की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

चारही चाके झाल्यावर पेडल वर आले आणि टणक झाले. मालक खाली आले, त्यांनी स्वतः दाबून पाहिले आणि म्हणाले, “अहो, आता तर छान कडक लागतंय. परवापासून गावची तयारी करायला हरकत नाही.”

दुसरा दोष

हरकत होती. पेडल एकदा दाबून टणक लागणे ही अर्धीच परीक्षा आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबून बूस्टरमधली (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातली) निर्वात पोकळी संपवली, मग पेडल हलक्या पायाने, सिग्नलला थांबताना ठेवतो तसे, दाबून धरून ठेवले. पेडल जागचे हलायला नको होते. ते अतिशय सावकाश, घड्याळातल्या तासकाट्यासारखे डोळ्यांना न जाणवता, पण पायाला स्पष्ट कळेल असे खाली चालले होते. त्यानंतर जोराने दाबून धरले, तर ते स्थिर राहिले.

ही विसंगती वाटते, पण मास्टर सिलिंडरच्या आतली गळती अशीच वागते. रबरी कपाची कड तेलाच्या दाबाने भिंतीला चिकटते. दाब मोठा असला की कड पसरून घट्ट बसते आणि दाब हलका असला की फाटलेल्या किंवा कडक झालेल्या कडेखालून तेल मागे झिरपते. म्हणून जोरात ब्रेक मारून सर्व ठीक असल्याचे सांगणारी परीक्षा इथे फसवी ठरते, आणि रांगत्या वाहतुकीत, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच्या सिग्नलला, चालकाचा पाय हलका असतो नेमकी त्या वेळी गाडी पुढे सरकते.

हा निष्कर्ष काढण्याआधी इतर शक्यता वगळाव्या लागतात. चारही चाके, पाइप आणि नळ्या पुन्हा कोरड्या फडक्याने पुसून पाहिल्या. कुठेही ओल नव्हती आणि टाकीतली पातळीही घटली नव्हती, म्हणजे तेल बाहेर जात नव्हते. हवा असती तर पेडल मऊ लागले असते, ते सतत खाली गेले नसते. बूस्टरची गफलत नको म्हणून इंजिन चालू करताना पेडल किती खाली जाते ते वेगळे पाहिले: पेडल दाबून ठेवून इंजिन सुरू केल्यावर ते एकदाच थोडे खाली जाऊन थांबते, हे निरोगी बूस्टरचे लक्षण आहे, आणि पुष्कळ जण त्यालाच दोष समजतात. राहता राहिला मास्टर सिलिंडर. त्याचे बूस्टरला जोडणारे दोन नट सैल करून तो किंचित पुढे ओढला तर मागच्या तोंडाशीही ओल दिसली. हे तेल बूस्टरच्या डब्यात जात असते तर वरून काहीच दिसले नसते. इथे त्याची नुकतीच सुरुवात होती.

मालकांची नाराजी समजण्यासारखी होती. एक दोष काढला, पैसे गेले, आणि लगेच दुसरा निघाला, यात दुरुस्ती करणाराच खर्च वाढवतो आहे असे वाटते. पण पहिली गळती असताना पेडल कसेही खाली जातच होते. तिच्या आड दुसरा दोष दिसण्याची सोयच नव्हती. यंत्रणा एका बाजूने घट्ट झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूची झीज कळत नाही. जुन्या गाडीच्या ब्रेकचा खर्च सांगताना म्हणूनच एका भागाचा भाव सांगू नये.

मास्टर सिलिंडरही पूर्ण नवा घेतला, किट नव्हे. गाडीवर चढवण्यापूर्वी तो शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून, दोन्ही तोंडांना लहान नळ्या लावून त्या परत त्याच्याच टाकीत सोडल्या आणि गोल टोकाच्या दांड्याने पिस्टन हळूहळू दाबून आतली हवा काढली. हे केले नाही तर आडव्या सिलिंडरच्या वरच्या कोपऱ्यात हवा अडकते आणि नंतर चाकांकडून कितीही तेल काढले तरी निघत नाही. बूस्टरचा दांडा आणि पिस्टन यांच्यात किंचित फट राहते आहे याचीही खातरजमा केली. ती फट नसेल तर पाय उचलल्यावरही पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारे छोटे छिद्र झाकलेले राहते, आणि चालता चालता तापलेले तेल फुगून ब्रेक आपोआप लागतात. पुन्हा चारही चाकांची हवा काढली. या वेळी हलक्या पायाखाली पेडल जागचे ढळले नाही.

तपासणी आणि उरलेले काम

शूंचे अंतर जुळवून झाल्यावर हँडब्रेकची केबल शेवटी घेतली. मोकळ्या चाकाला हाताने फिरवून ब्रेक घासत नाही हे चारही ठिकाणी पाहिले. मग गाडी आवारातच पायी चालण्याच्या वेगाने चालवून थांबवली, फाटकाच्या उतारावर हँडब्रेकवर उभी केली, आणि रविवारी पहाटे रस्ता रिकामा असताना सरळ रेषेत सौम्य ते मध्यम ब्रेक मारून गाडी कोणत्या बाजूला ओढते का ते पाहिले. परत आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन उष्णता ताडली; एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त तापलेले असेल तर तिथे ब्रेक अडकतो आहे असे समजावे. तसे काही नव्हते. नव्या शूंना ड्रमशी जुळायला काही दिवस लागतात, म्हणून तोवर अंतर जास्त राखायला सांगितले.

पुढच्या दोन रबरी नळ्या मात्र मी ठीक ठरलेल्या भागांच्या यादीत घेतल्या नाहीत. स्टिअरिंग पूर्ण वळवून त्या वाकवल्या की बाहेरच्या थरात बारीक चिरा दिसत होत्या, आणि उजव्या नळीच्या वरचा पाइप-नट गंजून पाइपाशी एक झालेला होता. तो जबरदस्तीने फिरवला असता तर पाइप पिळला गेला असता आणि काम आवाराबाहेरचे झाले असते. चिरा वरवरच्या होत्या, शहरातल्या छोट्या फेऱ्यांना तूर्त धोका नव्हता. पण कशेडी घाटाच्या उतारावर, भरलेल्या गाडीत, गणपतीच्या रांगेत त्या नळ्यांवर मी भरवसा ठेवला नसता.

तारीख जवळ आली की अर्ध्या दुरुस्त्या होतात, हे या धंद्यात जवळून पाहिलेले आहे. मालकांनी पुष्कळ वाद घातला, शेवटी कुटुंब एसटीच्या जादा गाडीने गावी गेले. पाइप बनवण्याचे यंत्र असलेल्या अंधेरीच्या एका गॅरेजमध्ये दसऱ्यानंतर उजव्या बाजूचा पाइप आणि दोन्ही नळ्या बदलल्या गेल्या आणि यंत्रणेतली हवा पुन्हा काढली गेली. गॅरेजवाल्यालाही पेडलखाली ठोकळा ठेवायला सांगितले, तेव्हा तो आधी हसला आणि मग त्याने ठेवला. टाकीवर तेल बदलल्याची तारीख आणि कमाल खुणेशी एक रेघ मार्करने ओढलेली आहे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पातळी त्या रेघेवरच होती.